कचेरीत मुक्कामाला आलेले किडे

इनायतला वर्षाचे अकरा महिने राग यायचा. बारावा महिना किड्यांचा. एप्रिलच्या मध्यावर तुतीला पोपटी पालवी फुटली, की घरातली सगळ्यांत ऊबदार खोली रेशीमकिड्यांना द्यायची, आपण नवऱ्या-मुलांसकट अंगणातल्या मांडवाखाली पथाऱ्या टाकायच्या, आणि कोष उतरेपर्यंत आवाज चढवायचा नाही, असा तोलझार गावच्या बायकांचा जुना रिवाज. किड्यांना भांडण सोसत नाही. कांद्याची फोडणी, तंबाखूचा धूर, अत्तर, परक्याची नजर, ह्यांतलं काहीच सोसत नाही. इनायतची आई तर अंड्यांची पुरचुंडी उबेसाठी काखेत बांधून दहा दिवस हिंडायची. त्या दहा दिवसांत सासूने काहीही ऐकवलं तरी ती मान हलवून हो म्हणायची. सासूलाही ते ठाऊक होतं. वर्षभराचं साठवलेलं ती नेमकं त्याच दहा दिवसांत बोलून घ्यायची.

"पोटच्या पोरांसाठी आईनं जेवढं गिळलं नाही, तेवढं किड्यांसाठी गिळलं," असं इनायत सांगायची आणि हसता हसता डोळे पुसायची.

ती बारा वर्षांची असताना, तीस सालच्या हिवाळ्यात, फरगान्याच्या खोऱ्यातल्या त्यांच्या गावात कोलखोज आला, सगळ्यांची मिळून सरकारी शेती. म्हणजे आधी एक माणूस आला. शहरातला, कोवळ्या मिशांचा, घसा बसलेला. गावच्या चिनाराखाली खोक्यावर उभा राहून तो दोन तास बोलला. बांध म्हणजे भांडण, म्हणाला. सख्खे भाऊ बांधावरून डोकी फोडतात. बांध मोडा, सगळ्यांचं मिळून एक शेत करा. लाकडी नांगर चुलीत घाला, लोखंडी घोडा येतोय. एकाचा बैल मेला म्हणून त्याचं घर उपाशी राहणार नाही. पोरं शाळेत जातील, म्हातारे दवाखान्यात, आणि बायकांच्या कष्टाचं मोल बायकांच्याच नावावर लागेल.

इनायतचे वडील मीरहामिद ह्यांची जमीन चादरीएवढी, एक बैल, एक गाय. लोखंडी घोड्याचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"आणि आपली गाय?" आईने विचारलं.

"गाय आता सगळ्यांची."

"धार कोण काढणार?"

"सगळे."

"सड चारच आहेत म्हटलं," आई म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

गावातल्या साठ गायी एका गोठ्यात बांधल्या गेल्या. पण गायींनी काही ते भाषण ऐकलं नव्हतं. रोज दिवस मावळला, की दावी तोडून त्या रांगेने आपापल्या दारात येऊन हंबरायच्या. उरलेल्यांना त्यांच्या मालकिणी डोक्यावरच्या रुमालात कोंडा बांधून चोरून खाऊ घालायला जायच्या. गोठ्यात बायकांची अशी दाटी व्हायची की गायींना बसायला जागा उरायची नाही. वसंतात वरून हुकूम आला, गायी परत करा. बैल आणि जमीन मात्र कोलखोजकडेच राहिले.

त्याच हिवाळ्यात आणखी एक कागद आला होता. गावातले 'कुलाक' शोधून काढा. आता तिथल्या बोलीत ह्याच आवाजाचा शब्द आहे, त्याचा अर्थ कान. सभेत वाचून दाखवल्यावर माणसांनी आपापले कान चाचपले. "माझे दोन आहेत बुवा," कोणीतरी म्हणालं, "एक देऊन टाकू का?" सगळा गाव कानांवर हात ठेवून हसत सुटला. मग कळलं, की कुलाक म्हणजे मजूर लावून शेती करणारा श्रीमंत. तसा तोलझारमध्ये कोणीच नव्हता. पण कागदावर एक तरी नाव हवं होतं, आणि शेजारच्या नोरमतबाबांकडे बैलांच्या दोन जोड्या होत्या. बाबा, त्यांची बायको आणि इनायतच्याच वयाची त्यांची मुलगी बशारत ह्यांना गाडीत बसवून रेल्वेपर्यंत नेलं, आणि तिथून कुठल्याशा दूरच्या माळावर कापूस पिकवायला. त्यानंतर तोलझारमध्ये कानाचा विनोद कोणी केला नाही.

शाळा उघडली ती नोरमतबाबांच्याच पाहुण्यांच्या खोलीत. जिथे ती आणि बशारत बाहुल्यांची लग्नं लावायच्या, तिथेच बसून इनायत अक्षरं शिकली. घरात पहिल्यांदा कागद वाचणारी तीच. वडील रोज तिच्याकडून एक ओळ वाचून घ्यायचे, मग ती कसलीही असो. चहाच्या पुड्यावरचीसुद्धा. तिला ह्या शिकण्याचा आनंद व्हायचा, आणि खोली कोणाची ते आठवून लाजही वाटायची. दोन्ही एकाच बाकावर.

चार वर्षांनी लोखंडी घोडा, म्हणजे ट्रॅक्टर, खरंच आला. मीरहामिद दिवसभर त्याच्या मागून चालले, धुराने काळे होऊन घरी परतले, म्हणाले, "आज माझ्या पायांना सुट्टी होती." आणि दहा मैल चालून आल्यामुळे आडवे झाले ते दुसऱ्या दिवशीच उठले. दवाखाना आला, बाळंतपणात बायका मरायच्या कमी झाल्या. पण कापसाचं पोट काही भरेना. त्याने आधी गहू खाल्ला, मग ज्वारी, मग खरबुजांचे मळे. ज्या गावात घरोघर तंदूर होता, तिथल्या भाकरीचं पीठ आता रेल्वेने यायला लागलं, आणि रेल्वेला उशीर झाला की गाव स्टेशनाच्या दिशेने तोंड करून बसायचा.

मग लढाई. पुरुष गेले. इनायतचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, नवरा जोराबेक कोलखोजचा गाडीवान. तोही गेला. बायकांच्या हाती कुदळ आली, पाट आले, किडे तर होतेच. वाचता येतं म्हणून इनायतला रेशीम तुकडीची मुकादम केलं. त्या रेशमाच्या हवाई छत्र्या व्हायच्या. जोराबेक सुखरूप परतला तेव्हा सगळ्यांना सांगायचा, "आकाशातून शिपाई उतरताना दिसले, की मी शेजारच्याला म्हणायचो, बघ, ती माझ्या बायकोची छत्री."

सत्तेचाळीस साली बशारत परत आली. आईबाप तिकडेच मातीआड झालेले, तोंडात एक सोन्याचा दात, आणि जीभ जाताना होती त्यापेक्षा दुप्पट धारदार. इनायतने तिला कसं सामोरं जावं ह्याचा आठवडाभर विचार केला होता. बशारत सरळ शाळेत आली, बापाच्या त्या खोलीत उभी राहिली, चहूकडे पाहिलं. बायका श्वास रोखून दारात.

"ही खिडकी बाबांनी उलटी बसवली होती," ती म्हणाली. "अजून उलटीच आहे. सतरा वर्षांत ह्या सरकारला एक बिजागरी सापडली नाही?"

आधी इनायत हसली, मग रडली, मग दोघीही. दुसऱ्या दिवसापासून बशारत रेशीम तुकडीत.

ही झाली आधीची हकीकत. खरी गंमत एक्कावन्न सालची.

आदल्या वर्षी तीन गावांचे तीन कोलखोज मिळून एक मोठा केला होता आणि त्याचा प्रमुख, म्हणजे रईस, म्हणून हैदरअलीला पाठवलं होतं. गाव त्याला 'रईस आका', म्हणजे रईसदादा, म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. चोरी करायचा नाही, ओरडला तरी संध्याकाळपर्यंत विसरायचा. पण लढाईत तो तोफखान्यात होता, आणि सरळ रेषेवर त्याचा फार जीव. मार्चच्या सुरुवातीला त्याने कचेरीत सभा बोलावली आणि भिंतीवर नकाशा टांगला. हातात पट्टी.

"हे वाकडेतिकडे पाट बुजवायचे," तो म्हणाला. "पाटांच्या कडेच्या तुती तोडायच्या. ह्या चिंध्या जोडून एकच मोठं शेत. ट्रॅक्टर ह्या टोकाला सुटला, की त्या टोकापर्यंत वळायचं नाव नाही!"

"ट्रॅक्टरवाल्याला डुलकी लागेल की हो, रईस आका," बशारत म्हणाली.

माणसं हसली. रईसने पट्टी आपटली आणि दुसरा कागद काढला. ह्या वर्षी कोषांचं लक्ष्य दीडपट.

इनायत उठली. किडे यायला अजून महिना होता, त्यामुळे आवाज चढवायला हरकत नव्हती. पण तिने चढवला नाही.

"रईस आका, किडे काय खातात?"

"पानं. हे काय विचारणं झालं?"

"कशाची?"

"तुतीची."

"मग नकाशावर तुती दाखवा बघू."

हैदरअलीने पट्टी उचलली, नकाशाकडे वळला आणि तसाच उभा राहिला. नकाशा जिल्ह्यातून आला होता. त्यावर तुती आधीच नव्हत्या.

"नवीन लावू," तो म्हणाला. "कडेने. सरळ रांगेत."

"लावू की. पाच वर्षांनी पानं देतील. तोवर मी किड्यांना सांगते, रोजे धरा."

सभा खदखदली. रईसने टोपी काढून टाळूवरचा घाम पुसला. मग सभेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "इनायत, दोन्ही कागद वरूनच आलेत गं. एक झाडं तोड म्हणतो, एक पानं आण म्हणतो. मी कोणाचं ऐकू?"

इनायतने दोन्ही कागद वाचून काढले आणि मगच ती जागेवर जाऊन बसली.

गावात तुतीच्या तीन मोठ्या रांगा. एक जुन्या पाटावर, एक ओढ्याकाठी आणि एक कचेरीसमोर. आठवडाभरात पाटावरची रांग पडली. तिची लाकडं वाहून न्यायची पाळी जोराबेकवरच आली. चार दिवस तो जेवायला बसला, की नुसता नान मोडत राही. "चिकानं बोटं चिकटतात," म्हणायचा, "धुतली तरी चिकटतात." उरलेल्या दोन रांगांच्या बुंध्यांवर कोणीतरी लाल रंगाचे पट्टे ओढून गेलं. कापसाची पेरणी उरकली, की त्यांची पाळी.

एप्रिलात किडे आले. मोहरीहून बारीक, काळे, केसाळ ठिपके. इनायतने ओठ मिटले.

"आता तरी भांड!" बशारत म्हणाली.

"किडे आलेत."

"मग मी भांडते."

"तूही माझ्याच तुकडीत आहेस. पानं चीर, बारीक."

किड्यांना चार झोपा. प्रत्येक झोपेनंतर ते कात टाकतात आणि उठल्यावर आधीच्या दुप्पट भूक घेऊन उठतात. चौथ्या झोपेनंतर तर त्यांचं जेवण म्हणजे लग्नाची पंगत, आणि तीही आठ दिवस अखंड. जागाही चौपट लागते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तोलझारच्या घराघरांत किडे मावेनासे झाले. दीडपट लक्ष्याचे दीडपट किडे. खोल्या भरल्या, ओसऱ्या भरल्या, शाळेची ती उलट्या खिडकीची खोलीही भरली.

हिवाळ्यात रईसने जिल्ह्याच्या मजकुराची नक्कल करून एक हुकूम काढला होता. घाईत काढला होता, शिक्का मारून वाटला होता आणि विसरूनही गेला होता. इनायत विसरली नव्हती. ज्या बाईने बारा वर्षांची असल्यापासून चहाचे पुडेसुद्धा वाचून काढले, ती हुकूम कसा फेकेल? तिने पेटीतून तो काढला आणि बशारतला वाचून दाखवला. 'कोलखोजची जी जी इमारत कोरडी, उजेडाची व ऊबदार असेल, ती हंगामात रेशीमकिड्यांसाठी द्यावी.'

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बशारतच्या तोंडातला सोन्याचा दात हळूहळू दिसायला लागला.

हैदरअली जिल्ह्याच्या सभेला तीन दिवस गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा बायका अनवाणी, डोक्यावर बोरूच्या चटया, चटयांवर ओलसर फडक्याखाली किडे, अशा एकीमागे एक कचेरीकडे निघाल्या. बोलायचं नाही, हसायचं नाही. हसू दाबून दाबून त्यांच्या कानशिलांना रग लागली. जोराबेकने आधीच चिनाराच्या वाशांचे मचाण बांधून ठेवले होते, छतापर्यंत पाच मजले. मेज, खुर्ची आणि बाक त्याने बाहेर नेऊन तुतीखाली मांडले. टेलिफोनची तार खिडकीतून ओढून यंत्र मेजावर ठेवलं. शिक्क्याचं कपाट मात्र जड. ते आतच राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रईस परतला. मेज झाडाखाली, मेजावर टेलिफोन, टेलिफोनवर एक पिकलेलं तूत.

"माझी कचेरी कुठाय?" तो गरजला.

इनायत ओठांवर बोट ठेवून दारात आली. "हळू, आका. नुकतेच जेवायला बसलेत."

"कोण?"

"पाहुणे."

त्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. छतापर्यंत किडेच किडे. इनायतने कागद पुढे केला. त्याने तो तीनदा वाचला. शिक्का त्याचा. सही त्याची.

"ह्यात कचेरी कुठे लिहिलीय?"

"कचेरी कोरडी आहे?"

"आहे."

"उजेड आहे?"

"आहे."

"ऊबदार?"

"...आहे."

"मग?"

रईस खाली बसला. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसला, नसती तरी बसलाच असता.

त्या दिवसापासून कोलखोजचा कारभार तुतीखाली चालायला लागला. पिकलेली तुतं टपाटप कागदांवर पडायची. जिल्ह्याला गेलेल्या एका अहवालाला जांभळा डाग होता, आणि खाली रईसच्या अक्षरात 'हा डाग तुतीचा आहे' असा खुलासा. पण एक नवल झालं. कचेरीचं दार ठोठावायला जी माणसं वर्षभर धजावली नव्हती, ती आता आपसूक यायला लागली. झाडाला दार नसतं. म्हातारे चहाची किटली घेऊन यायचे, बायका पाण्याची भांडी टेकवायच्या. चौथ्या कालव्याचं पाणी कोण चोरतो, पीठ दळायला तीन कोस का जावं लागतं, ट्रॅक्टर तेलावाचून केव्हापासून उभा आहे, हे हैदरअलीला चार दिवसांत जेवढं कळलं तेवढं वर्षात कळलं नव्हतं.

शिक्का लागला की त्याला आत जावं लागे. पहिल्या वेळी इनायतने त्याचे बूट दाराबाहेर काढून घेतले. तो कपाटापाशी गेला आणि थबकला. आभाळ निरभ्र होतं आणि खोलीत पाऊस पडत होता. मचाणांच्या पाचही मजल्यांवर बोटाएवढे पांढरे किडे पानांच्या कडा कुरतडत होते आणि त्या हजारो तोंडांचा मिळून एक संथ, दाट, झिमझिम आवाज. हैदरअली शिक्का विसरून मचाणापाशी गेला.

"खंदकात असताना," तो हळूच म्हणाला, "ह्या आवाजाची आठवण यायची. आमच्या आईकडेही असायचे."

दुसऱ्या दिवशी त्याने बूट स्वतःच काढले. तिसऱ्या दिवशी फांद्या उचलू लागला. पाचव्या दिवशी इनायतला बाजूला घेऊन म्हणाला, "तो खालच्या मजल्यावरचा, कोपऱ्यातला, कमी खातोय का गं?"

"तो लाजतोय, आका. तुम्ही टक लावून बघता म्हणून."

सहाव्या दिवशी जिल्ह्याचे निरीक्षक झाकिरोव आले. मोटारीतून. चकचकीत बूट, ओठांत सिगारेट. झाडं अजून उभी का, हे बघायला आले होते. आले ते सरळ नेहमीच्या सवयीने कचेरीच्या दाराकडे. इनायत आडवी उभी राहिली. हातात पाण्याचा वाडगा.

"साहेब, सिगारेट ह्यात."

"काय?"

"आणि बूट तिथे."

झाकिरोवनी मागे वळून रईसकडे पाहिलं. रईस तुतीखाली अनवाणीच उभा होता. तो नुसती मान हलवून हो म्हणाला. वाडग्यात चर्र झालं. बूट निघाले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. बशारतने ते पाहिलं आणि किड्यांचा रिवाज आठवून जीभ चावली.

आत गेल्यावर तेही थबकले. "पाऊस?" त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं.

"जेवण," इनायत म्हणाली.

बाहेर आल्यावर मात्र ते निरीक्षकच होते. मेजावर नकाशा पसरला. "कॉम्रेड हैदरअली, नकाशाप्रमाणे इथे झाडं नाहीत. मग हे काय आहे?" त्यांनी वर बोट केलं. वरून एक तूत पडलं ते नेमकं त्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर.

इनायत शब्द जुळवू लागली. किड्यांचे दिवस, बोलायचं तर गोड बोलायचं. पण तिच्या आधी रईस पुढे झाला.

"नकाशा चुकलाय, साहेब," तो म्हणाला. "मी तोफखान्यातला माणूस. नकाशा आणि जमीन जुळली नाहीत, तर नकाशा बदलायचा, असं आम्हाला शिकवलंय. एक रांग मी तोडली. ती चूक. उरलेल्या तोडल्या तर कोष करण्याआधीच हे सगळे उपाशी मरतील, आणि कोषांच्या कागदावर तुमचीही सही आहे."

झाकिरोवनी अंगरख्यावरचं तूत उचललं, क्षणभर पाहिलं आणि सवयीने तोंडात टाकलं. तेही खोऱ्यातलेच होते शेवटी.

"झाडं राहिली असं मी लिहू शकत नाही," ते म्हणाले. "झाडं तोडायचा हुकूम आहे."

"मग झाड म्हणून लिहूच नका," इनायत म्हणाली. "साहेब, असं काय असतं, की जे तुमच्या हुकमानं तोडता येत नाही?"

झाकिरोवनी विचार केला. "गोदाम. सरकारी गोदाम पाडायचं तर राजधानीची परवानगी लागते. दोन-तीन वर्षं सहज."

"हे पानांचं गोदाम आहे," इनायत म्हणाली. "आम्ही रोज त्यातूनच माल काढतो."

आधी झाकिरोवचे खांदे हलले. मग ते मेजावर दोन्ही हात टेकून हसायला लागले. हसता हसता त्यांनी पेन काढलं आणि नकाशावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, दोन लांबट चौकोन आखले. शेजारी लिहिलं: 'रेशीम विभागाचे उघडे चारा-गोदाम, क्रमांक एक व दोन.'

"गोदामाला छप्पर लागतं," रईस अस्वस्थ होऊन म्हणाला.

"वर बघा," बशारत म्हणाली. "अजून किती हवंय?"

जाताना झाकिरोवनी टोपीभर तुतं नेली. सिगारेटचं वाडग्यातलं थोटूक मात्र मागितलं नाही.

दोन दिवसांनी किडे जेवायचे थांबले. अंगं पिवळसर, काचेसारखी झाली, माना वर करून ते काहीतरी शोधू लागले. बायकांनी वाळल्या काटक्यांच्या जुड्या मचाणांवर उभ्या केल्या आणि दारं ओढून घेतली. पाऊस थांबला. तोलझारमध्ये आठ दिवस माणसं पाय न वाजवता चालत होती.

नवव्या दिवशी इनायतने कचेरीचं दार उघडलं. काटकी म्हणून दिसेना. सगळीकडे कोष, पांढरेशुभ्र, खारकेएवढे, दाटीवाटीने, जणू बर्फ पडून फांद्यांवर गोल गोल गोठलं होतं. तिने एक तोडला, कानाशी नेऊन हलवला. आत टक् वाजलं. मग तिने महिनाभराचा दाबलेला आवाज एकदम मोकळा सोडला, "अगं, या गं सगळ्याजणी!" ओढ्यापलीकडच्या कुत्र्यांनी भुंकून उत्तर दिलं.

कोष वेचायला सगळा गाव बसला. बोलायला बंदी नव्हती, कांद्याला बंदी नव्हती, तेव्हा दोन्हींचा महापूर. मोठ्या कढईत गाजराचा पुलाव चढला. जोराबेकने डफ शेकून ताणला. बायकांनी आधी आपसांत फेर धरला आणि मग रईसला ओढलं. हैदरअली नाचला, पण सरळ जायचा आणि सरळ परत यायचा. "आका, वळा की!" बशारत ओरडली. "शेत संपलं!"

लक्ष्य पुरं होऊन वर पाटीभर कोष उरले. शरद ऋतूत जिल्ह्याकडून हैदरअलीला एकाच दिवशी दोन लिफाफे आले. एकात कोषांबद्दल मानपत्र, दुसऱ्यात जमिनीचं काम अपुरं राहिल्याबद्दल ताकीद. त्याने दोन्ही एकाच चौकटीत लावले. इनायतला शिवणयंत्र मिळालं. तिने आधी तुकडीतल्या अठराजणींची पोलकी शिवली, मग स्वतःचं. राजधानीकडून गोदाम पाडण्याची परवानगी आलीच नाही. कोणी मागितलीच नव्हती.

पाटावरची रांग मात्र गेली ती गेलीच. तिथे कापूस झाला, पुढच्या काही वर्षांत जमीन खारावली, पांढरी पडली. इनायत त्या बाजूने जाताना चाल वाढवायची.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी कोलखोजच मोडला. जमीन तुकड्यातुकड्यांनी कराराने दिली गेली, कचेरीत पिठाची गिरणी आली. इनायत तेव्हा ऐंशीला टेकली होती. ताश्कंदला शिकणारी तिची नात मुहाय्यो एका उन्हाळ्यात टेपरेकॉर्डर घेऊन आली. तिला प्रबंध लिहायचा होता. दोघी मांडवाखाली बसल्या, मध्ये नान आणि खरबूज.

"आजी, सामुदायिक शेतीचा उद्देश काय होता आणि परिणाम काय झाला, ते सांग."

"उद्देश छान होता गं," इनायत म्हणाली. "खोक्यावर उभा होता, घसा बसला होता बिचाऱ्याचा. त्यानं सांगितलेलं बरंच झालं. मी वाचायला शिकले. तुझी आई दवाखान्यात जन्मली, दोघी जगलो. ट्रॅक्टर आला. आणि बशारतचे आईबाप गेले, आमची खरबुजं गेली, बापाचा बैल गेला. त्या बैलाचं नाव 'साखर'. हे तू कसं मांडणार, ते तू बघ."

"पण एकंदरीत? बरं की वाईट?"

"एकंदरीत कोण जगलंय? मी तर एकेक दिवस जगले. त्यातले पुष्कळ दिवस मजेचे होते, हे मात्र लिही. कोणी हुकूम काढला म्हणून नव्हे. आम्ही होतो म्हणून. त्या एक्कावन्न सालीच बघ, मला कल्पना सुचली, की रईसच्या कचेरीतच..."

"कोणाला सुचली?"

फाटकातून काठी टेकत बशारत येत होती. कान अजून तिखट.

"मला," इनायत म्हणाली.

"मुहाय्यो, बाळा, ते यंत्र चालू आहे ना? मग ऐक. ही नुसती कागद वाचत बसली होती. 'कचेरी' हा शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला."

"तुझ्या तोंडून नुसता दात निघाला!"

"दात बघूनच तुला सुचलं, म्हणजे कोणाचं झालं?"

"अठरा बायका कोणी गोळा केल्या?"

"सतरा! अठरावी मी होते, मी आपली आपण आले!"

मुहाय्योने एकदोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि खरबुजाच्या फोडी करायला घेतल्या. तिने एक फोड आजीच्या हातात दिली, एक बशारतच्या. दोघींनी त्या घेतल्या, खाल्ल्या, बिया थुंकल्या आणि बोलणं जराही न तोडता भांडत राहिल्या. टेप संपून खटकन थांबली तेव्हा त्या नकाशावरच्या चौकोनांपर्यंत येऊन पोचल्या होत्या, आणि ते चौकोन दोन होते की तीन, ह्यावर दोघींचं एकमत नव्हतं.